घाटात पेडल खाली गेलं, गॅरेजमध्ये सगळं ठीक: नक्की काय बदलायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, ७२ हजार किलोमीटर झालेले. पाच माणसं आणि सामान घेऊन महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना शेवटच्या काही वळणांवर पेडल मऊ लागायला लागलं आणि एकदा जवळजवळ पार खाली गेलं. जळका वासही येत होता. खाली पोचल्यावर पाऊण तास थांबलात आणि ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा लागायला लागला. तेव्हापासून हायवेला ऐंशीच्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. एका गॅरेजने ‘काही दोष नाही’ म्हणून गाडी परत दिली, दुसऱ्याने मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणारा पंप), बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग), डिस्क, पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणारे) सगळंच बदला म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात आई-वडील आणि मुलांना घेऊन त्याच रस्त्याने जायचं आहे.

दोन्ही गॅरेजचं उत्तर मला पटत नाही. पेडल एकदा पार खाली गेलंय म्हणजे दोष आहेच. पण तो थंड गाडीत दिसणारा दोष नाही, म्हणून पहिल्याला सापडला नाही. आणि दुसऱ्याने दोष न शोधता सगळ्या पार्टची यादी दिली. त्या यादीत ब्रेक ऑइलचं नावही नाही, आणि माझा पहिला संशय नेमका त्याच्यावरच आहे.

आधी घाटात काय घडतं ते बघा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर पार पायथ्याला. म्हणजे चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात गाडी किमान १२०० मीटर खाली येते. माणसं-सामान धरून १३०० किलोची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती तीच गाडी ताशी ८० वरून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी भरते. यातला काही भाग हवा आणि टायर खातात. गिअर खालचा असेल तर इंजिन बराच मोठा वाटा उचलतं. गिअर वरचा असेल किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असेल, तर उरलेली सगळी उष्णता ब्रेकवर येते, आणि त्यातही पुढच्या दोन डिस्कवर जास्त.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडच्या मागच्या लोखंडी पट्टीतून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण, रबरी होज पाइप, सील यांतून ते हळूहळू आत शिरतच असतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर जास्तच. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येतो. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब घाटात सतत ब्रेक दाबून धरला तर कॅलिपरमधलं ऑइल १४०-१५० अंशांना पोचणं काही अवघड नाही. तिथे ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पायाचा सगळा जोर त्या वाफेला दाबण्यात जातो आणि पिस्टन हलतच नाही. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा ऑइल-पाणी होतं, पेडल वर येतं, आणि गॅरेजमध्ये तपासायला नेईपर्यंत सगळं ठीक.

घाटात ब्रेक कमी पडण्याचा दुसराही एक प्रकार आहे, तो वेगळा ओळखायला हवा. त्यात पेडल कडकच राहतं, खाली जात नाही, पण कितीही जोरात दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. तिथे ऑइल उकळलेलं नसतं. पॅड इतके तापलेले असतात की त्यांची पकडच गेलेली असते. जळका वास दोन्हींत येतो. तुम्ही ‘मऊ’ आणि ‘खाली गेलं’ असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून ऑइलकडे बोट. वास आला म्हणजे पॅडही भरपूर तापले होते, तेव्हा तेही उघडून बघायचेच.

मी हे गाडी न बघता सांगतोय. त्यामुळे पार्टवर पैसे घालण्याआधी या तीन चाचण्या करा. घरच्या पार्किंगमध्ये, सपाट जागेवर, हत्यारांशिवाय होतात.

पहिली: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. बूस्टरमधला व्हॅक्यूम संपून पेडल कडक व्हायला हवं. पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्या-तिसऱ्याला वर येत असेल, तर ते वर आलेलं पेडल कसं लागतंय ते बघा. फुगा दाबल्यासारखं लवचिक असेल तर लाइनमध्ये हवा आहे. घट्ट असेल, फक्त पहिलाच दाब खोल जात असेल, तर मागच्या ड्रमला आतून घासणारे लायनर ड्रमपासून लांब गेलेत आणि ते अंतर राखणारा अ‍ॅडजस्टर काम करत नाही.

दुसरी: तसंच कडक पेडल मध्यम जोराने दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडंसं खाली सरकलं म्हणजे बूस्टर ठीक आहे. ते जागचं हललंच नाही तर बूस्टर, त्याचा व्हॅक्यूम पाइप किंवा त्यातला व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गेलंय. बूस्टर गेला की पेडल दगडासारखं कडक होतं, मऊ होत नाही. तुमच्या तक्रारीशी बूस्टरचा मेळच बसत नाही, म्हणून ते नाव यादीत कसं आलं हे त्या गॅरेजला जरूर विचारा.

तिसरी मास्टर सिलिंडरची. इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट एकसारखं दाबून धरा. आधी जोरात, मग सोडून पुन्हा अगदी हलक्या पायाने, सिग्नलला उभं राहताना धरतो तसं. झिजलेली सील पुष्कळदा जोराच्या दाबाला धरून ठेवतात आणि हलक्या दाबाला ऑइल मागे सोडतात, म्हणून दोन्ही करायचं. पेडल हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडर गेला. तो एकदा गेला की थंड गाडीतही हे होतं. तुमच्या गाडीत पेडल मिनिटभर जागेवर राहिलं तर मास्टर सिलिंडर बदलायचं कारण नाही.

तिन्ही चाचण्या ठीक निघाल्या, आणि तुमच्या वर्णनावरून निघतील असं वाटतं, तर काम ऑइलपासून सुरू करा. ऑइल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिसच्या बिलांत शोधा. ‘टॉप अप’ लिहिलं असेल तर ते बदलणं नव्हे. दोन वर्षांहून जुनं असेल किंवा नोंदच सापडत नसेल, तर तपासत बसू नका, बदला. रंगावर जाऊ नका. काळं दिसणारं ऑइल वाईट असतं हे बरोबर, पण पिवळं-स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असतंच. पेनासारखं एक यंत्र डब्यात बुडवून दिवे दाखवतात, ते फक्त डब्यातल्या ऑइलचा अंदाज देतं. खरं तापतं ते कॅलिपरमधलं.

याच कारणाने डब्यातलं ऑइल सिरिंजने काढून नवीन भरणं हे काम नव्हे. ब्रेकचं ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. कॅलिपरमधलं तिथेच राहतं, डब्यातलं डब्यात. चारही चाकांच्या निपलमधून (ऑइल काढायच्या छोट्या तोटीतून) जुनं ऑइल बाहेर काढल्याशिवाय ते बदललं असं म्हणता येणार नाही. एका छोट्या गाडीला पाऊण ते एक लिटर पुरतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. बाटली सीलबंद, तुमच्यासमोर फोडलेली हवी. गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी पडलेली बाटली नको, तिनेही हवेतलं पाणी घेतलेलं असतं. डब्याच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते छापलेलं असतं. झाकणावर डॉट ३ असेल तिथे डॉट ४ चालतं, आणि घाटासाठी मी तेच घालतो. डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं, ते यात कधीही मिसळायचं नाही. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार, तो चालतो.

काम कसं व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. आधी डब्यातलं जुनं ऑइल ओढून काढून नवीन भरायचं. मग चाकांचा क्रम. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिला असेल तो पाळायचा, नाहीतर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. आतला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा निपल अर्धा फेरा सैल करतो, ऑइल येतं, निपल बंद होतो, आणि मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा आत. नळीतून स्वच्छ, बिनबुडबुड्यांचं नवीन ऑइल येईपर्यंत हे चालू ठेवायचं. मध्ये मध्ये डबा बघत राहायचं; पातळी खालच्या रेषेखाली गेली की हवा ओढली जाते आणि पहिल्यापासून काम.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगा: पेडल पार तळापर्यंत दाबू नका. दहा वर्षं जुन्या मास्टर सिलिंडरच्या आत, जिथे सील रोजच्या वापरात कधी पोचतच नाही, त्या भागात गंज आणि गाळ साठलेला असतो. पेडल तळाला नेलं की सील त्यावरून घासत जातं आणि चांगला मास्टर सिलिंडर ऑइल बदलल्यानंतर आठवड्याभरात गळायला लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं. साधी गोष्ट आहे, पण फार कमी ठिकाणी करतात.

गाडीत एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि डबा कोरडा पडू दिला नसेल, तर हीच पद्धत पुरते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लावून त्याचा पंप चालवावा लागतो. ब्रेक ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, रंग उचलतं ते. आणि डब्यात पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल चुकून थेंबभरही जाऊ देऊ नका. रबर फुगतं आणि मग मास्टर सिलिंडरपासून मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरपर्यंत सगळं उघडावं लागतं.

आता थरथरीकडे. मला ती त्या घाटाचाच दुसरा परिणाम वाटते. डिस्क वाकडी झाली असं सरसकट म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. पॅड खूप तापलेले असताना गाडी थांबवून पाय ब्रेकवर दाबूनच ठेवला, तर पॅडचा थर डिस्कवर त्याच जागी चिकटतो. पुढे त्या ठिपक्याची झीज बाकीच्या डिस्कहून वेगळी होते आणि काही शे किलोमीटरमध्ये थरथर जाणवायला लागते. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला असतो, ०.०२ मिमीच्या आसपास असला तरी हायवेच्या वेगाला हाताला कळतो.

दुसरं कारण चाकाचे नट. टायरच्या दुकानात गनने एक नट जास्त, एक कमी असे आवळले, किंवा डिस्क जिथे बसते त्या हबच्या तोंडावर गंज राहिला, तर डिस्क किंचित तिरकी फिरते आणि हळूहळू तिची जाडी असमान होते. त्यामुळे शेवटचे टायर कधी काढले होते ते आठवून बघा.

थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढचे चाक. स्टिअरिंग शांत आणि सीट किंवा पेडल थरथरत असेल तर मागचे ड्रम. शंका असेल तर मोकळ्या, रिकाम्या, सरळ रस्त्यावर ३० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो अगदी हलका ओढा. तेव्हा थरथर आली तर दोष मागे. ब्रेक न मारताही हायवेला थरथरत असेल तर तो ब्रेकचा विषयच नाही, चाकांचं बॅलन्सिंग बघा.

पुढचं चाक उघडल्यावर गॅरेजने डिस्कची जाडी मायक्रोमीटरने एकाच वर्तुळावर सात-आठ ठिकाणी मोजावी आणि डायल गेज (डिस्कची डगमग मोजणारं यंत्र) लावून डिस्क फिरवून बघावी. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. तिच्या वर पुरेसा माल शिल्लक असेल तर लेथवर दोन्ही डिस्कचे फेस मारून (पृष्ठभाग कातून सपाट करून) काम होतं. गाडीवरच लावायचा लेथ कुणाकडे असेल तर उत्तम, कारण हबचा दोषही त्यात धरला जातो. फेस मारल्यावर जाडी किमान मापाच्या अगदी जवळ येणार असेल तर नवीन जोडी घ्या. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते, आणि तुम्हाला तर घाटातच जायचं आहे. एकच डिस्क कधीही बदलू नका. बसवताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत साफ झालं पाहिजे. नवीन डिस्कवर गंजापासून वाचवायला तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसूनच बसवायची. चाकाचे नट समोरासमोरचे घेत टॉर्क रेंचने आवळायचे. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत.

पॅडचं मटेरियल, लोखंडी पट्टी सोडून, ३ मिमीपर्यंत आलं की बदलायचे. तुमच्या गाडीत जाडी शिल्लक असली तरी पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल, कडा भुरभुरत असतील किंवा भेगा असतील, तर बदला. पॉलिश पेपरने घासून परत घालतात, तो उपाय थोडेच दिवस टिकतो, आणि नवीन फेस मारलेल्या डिस्कवर जुने जळके पॅड घालण्यात अर्थ नाही. चारही पॅड एकत्रच बदलतात. पॅडच्या बाबतीत स्वस्तात जाऊ नका. गाडीच्या कंपनीचे किंवा बॉशसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचे, अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट. नकली पॅड दिसायला हुबेहूब असतात आणि थंड असताना ब्रेकही बरा लागतो. फरक कळतो तो घाटात.

पॅड काढल्यावर स्वतः एक गोष्ट बघा: एकाच चाकाचा आतला पॅड आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवा. आतला बराच जास्त झिजलेला असेल तर कॅलिपर सरकत नाहीये. ज्या दोन पिनांवर तो सरकतो त्या सुकल्या किंवा गंजल्यात. मग ब्रेक सोडल्यावरही पॅड घासतच राहतो, तापत राहतो, आणि घाटात ते चाक सगळ्यात आधी ऑइल उकळवतं. पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीस लावायचं. नेहमीचं चॅसी ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. हीच शंका आधी तपासायची असेल तर फारसा ब्रेक न मारता सहा-सात किलोमीटर गाडी चालवा, थांबा, आणि हात प्रत्येक रिमच्या जवळ न्या. डिस्कला हात लावू नका. एक चाक दुसऱ्या बाजूच्या चाकाहून स्पष्ट गरम असेल तर दोष तिथे.

पिना मोकळ्या आणि पिस्टनही सहज आत जातोय, तरी चाक तापतंय, असं असेल तर रबरी होज पाइपचा संशय घ्या. बाहेरून धड दिसणारा होज आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं पण परत यायला वाट राहत नाही. दहा वर्षांच्या गाडीत पुढचे दोन होज मी तसेही बदलायला सांगतो. ऑइल त्याच वेळी बदलायचं असल्याने मजुरीही वाचते.

मागचे ड्रम उघडायलाच हवेत. या वयाच्या गाड्यांत ते वर्षानुवर्षं कुणी उघडलेले नसतात. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या नखाने किंचित उचलून बघा. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय, दोन्ही बाजूंचे बदला, आणि ऑइल लागलेले लायनरही. लायनर १ मिमीच्या जवळ आले असतील तर नवीन. ड्रमचा कमाल व्यास ड्रमवरच ओतलेला असतो, त्याच्या पुढे गेलेला ड्रम टर्निंगला (लेथवर कातायला) देऊ नका. अ‍ॅडजस्टरचा स्क्रू मोकळा फिरला पाहिजे. कॉम्प्रेसरची हवा मारून ब्रेकची धूळ उडवू देऊ नका, ती फुप्फुसात जाते. पेट्रोल-डिझेलने धुणंही नको, रबर खराब होतं. ब्रेक क्लीनरचा स्प्रे एवढंच पुरे. मागचे ब्रेक नीट काम करत नसतील तर त्यांचा वाटाही पुढच्यांवर येतो, आणि तुमच्या गाडीत पुढचे इतके का तापले याचं ते एक कारण असू शकतं.

डब्यातली पातळी कमी दिसली म्हणून कुणी सारखं ऑइल भरत आलंय का, तेही विचारा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि पातळी आपोआप उतरते. ती उतरणं म्हणजे पॅड बघायची खूण. वर ऑइल भरत राहिलं तर खूण झाकली जाते, आणि नवीन पॅड बसवताना डबा भरून वाहतो. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे. ती चाकांच्या आतल्या बाजूला शोधा, आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडलाय तिथे खालीही. त्या जागेची गळती बूस्टरच्या पोटात जाते आणि बाहेर डाग दिसत नाही.

म्हणजे दुसऱ्या गॅरेजच्या यादीऐवजी माझी यादी अशी: ऑइल नक्की, पॅड बहुधा, डिस्क मोजमापावरून, आणि मास्टर सिलिंडर-बूस्टर चाचणीत नापास झाले तरच. ऑइलचा खर्च काही शे रुपयांचा आहे. काढलेले पार्ट परत मागून घ्या, बघून घ्या.

काम झाल्यावर नवीन पॅड डिस्कवर बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक मारत वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या, असं आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा-एक किलोमीटर हवा लागू द्या. शेवटी पाच-सहा किलोमीटर ब्रेक न मारता चालवा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक टाळा. म्हणून हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी नको, किमान आठवडाभर आधी.

उतरताना गिअर आधी, ब्रेक नंतर. जो गिअर तो चढ चढायला लागेल तोच उतरायला. आंबेनळीच्या वळणांवर भरलेल्या छोट्या पेट्रोल गाडीला बहुतेक ठिकाणी दुसरा, क्वचित तिसरा. इंजिनचा आवाज वाढला तर घाबरू नका. लाल रेषेच्या आत आहे तोवर त्याला काही होत नाही, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना गिअरमध्ये उतरणारी इंजेक्शनची गाडी जवळजवळ पेट्रोल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरल्याने काहीच वाचत नाही. उलट इंजिन बंद असताना बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते. एएमटी (आपोआप गिअर बदलणारी गाडी) असेल तर मॅन्युअल मोडवर घेऊन गिअर धरून ठेवा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग हवा त्यापेक्षा वाढला की ठाम ब्रेक मारून खाली आणा आणि पाय पूर्ण उचला, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला हवा मिळते. वर कॅरिअर लावून सामान वाढवणार असाल तर हे सगळं आणखी कडक पाळा.

वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा किंचित जरी खोल गेलं, तर पुढच्या वळणाची वाट बघू नका. रुंद जागा मिळताच थांबा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि ब्रेकवरून पाय काढा, म्हणजे डिस्कवर ठसा पडत नाही. हँडब्रेकही गरज नसेल तर ओढू नका, तापलेला ड्रम थंड होताना आवळतो. पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला तडा जाऊ शकतो. किमान अर्धा-पाऊण तास.

आणि चालत्या गाडीत पेडल खाली गेलंच, तर भराभर पंप करा. बुडबुडे असले तरी पाच-सहा दाबांत थोडा दाब तयार होतो. त्याच वेळी गिअर एकेक करत खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढा, हॅझर्ड लावा, आणि दरीपासून लांब, डोंगराच्या बाजूला गाडी घ्या. किल्ली फिरवून इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. असं थांबवलेली गाडी थंड झाल्यावर पेडल वर आलं तरी माणसं भरून पुढे नेऊ नका. बाकीच्यांना दुसऱ्या गाडीने पाठवा आणि ही टोइंगने गॅरेजला न्या.